जरा आवाज वाढव

"हे सुरू कधी होणार?" दादानं विचारलं.

तेव्हा दुसरं गाणं संपत आलं होतं.

लांबचा प्रवास होता. दादा गाडी चालवत होता, शेजारी वहिनी, मागे आई आणि मी. गाणी लावायच्या पाळ्या ठरल्या होत्या आणि माझ्या पाळीची मी सकाळपासून वाट बघत होते. इंग्रज गायक निक ड्रेकचा 'पिंक मून' लावला. १९७२ सालचा अल्बम. एक माणूस, एक गिटार, ११ गाणी, सगळी मिळून २८ मिनिटं आणि वर काही सेकंद. ड्रम नाही, बास नाही, मागे कोरस नाही. पहिल्या गाण्यात पियानोचे थोडे सूर येतात, एवढीच काय ती चैन. इतक्या वर्षांत हा अल्बम मी घरात कुणाला ऐकवला नव्हता. कारण ऐकवला की लोक मत देतात.

तशी ती दिलीच. वहिनी म्हणाली, "मला आवडतंय हं. डोळे मिटले की लगेच झोप लागेल." ती मनापासून बोलत होती, म्हणून तिच्यावर रागावताही येईना. दादाचं वेगळंच. "सगळी गाणी एकच वाटतायत गं. एक संपून दुसरं लागलं तरी कळत नाही. जरा आवाज वाढव, नाहीतर बंद तरी कर."

आई काहीच बोलत नव्हती. आणि मला राहवेना. मी म्हटलं, "सव्विसाव्या वर्षी गेला हा."

पत्त्यांच्या डावात हुकूम टाकावा तशी मी ही माहिती टाकली, हे मला तेव्हाही कळलं होतं. परिणाम व्हायचा तो झाला. वहिनीनं "अगंबाई" केलं. दादा गप्प झाला, कारण तरुणपणी गेलेल्या माणसाला कंटाळवाणं कसं म्हणायचं? गाडीत क्षणभर सगळे आदबीनं ऐकायला लागले. मग मागच्या सीटवरून खिडकीबाहेर बघत आई म्हणाली, "असेल. पण आत्ता हा दुःखात नाहीये. कामात आहे."

मला आईचा राग आला. तिला इंग्रजी शब्द सगळे लागत नाहीत, म्हणून काहीतरी बोलते आहे, असं मी मनात म्हटलं. हे वाक्य माझी किती वर्षांची समजूत उसवणार आहे, याचा तेव्हा पत्ताही नव्हता.

माझी स्वतःची सुरुवातही दादासारखीच झाली होती. हे मी त्या गाडीत अर्थातच कबूल केलं नाही. गिटार वाजवणाऱ्या एका मित्रानं मला हा अल्बम सीडीवर उतरवून दिला होता आणि सीडीवर स्केचपेननं लिहिलं होतं: रात्री, एकटीनं, दिवा मालवून. औषधाच्या बाटलीवर असतं तसं. असल्या सूचनांची मला चीड आहे. आपल्याला आवडलेली गोष्ट दुसऱ्यानं कशी ऐकावी हे ठरवून देणारी माणसं त्या गोष्टीचं फार नुकसान करतात. म्हणून मी मुद्दाम भर दुपारी, कपाट आवरता आवरता तो लावला. कपाट आवरून झालं, अल्बम कधी संपला ते कळलंही नाही. मित्राला कळवलं, "छान आहे." विषय मिटवायला या दोन शब्दांइतके उपयोगी शब्द मराठीत दुसरे नाहीत.

खरं मत असं होतं की हा माणूस गाणं म्हणतच नाहीये. कच्चा आराखडा काढून ठेवलाय, यावर पुढे काहीतरी चढवायचं राहून गेलंय. एक गाणं तर चारच ओळींचं. एकात शब्दच नाहीत, नुसती गिटार, तीही दीड मिनिटाच्या आत आटोपते. पैसे भरून नाटकाला जावं आणि पडदा वर गेल्यावर नेपथ्याऐवजी उघडी भिंत दिसावी, तसं काहीसं.

माझं हे मत बदललं, पण ऐकून नव्हे. वाचून बदललं.

निक ड्रेक १९४८ साली रंगूनला जन्मला, इंग्लंडमधल्या वॉरिकशरमधल्या एका खेड्यात वाढला. तीन अल्बम केले, तिन्ही आयलंड रेकॉर्ड्सकडून आले: पहिला १९६९ मध्ये, दुसरा १९७१ मध्ये, 'पिंक मून' फेब्रुवारी १९७२ मध्ये. त्याच्या हयातीत एकही फारसा खपला नाही. पाच हजार प्रतींचा आकडाही कुणी गाठला नाही असं त्याच्याबद्दल लिहिणारे सांगतात. लोकांसमोर गाणं त्याला सोसत नसे, त्यानं ते लवकरच सोडून दिलं. मोठेपणचं त्याचं चालतंबोलतं चित्रण उपलब्ध नाही, फक्त छायाचित्रं. नैराश्यानं ग्रासलेला होता. २५ नोव्हेंबर १९७४ ला आईवडिलांच्या घरी, नैराश्यावरच्याच औषधाच्या अतिमात्रेनं गेला. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला, त्याबद्दल त्याच्या जवळच्यांत दुमत राहिलं.

हे वाचलं आणि त्याच रात्री सीडी शोधून काढली. दिवा मालवला. एकटीनं ऐकली. म्हणजे मित्राची सगळी पथ्यं पाळली. आणि काय सांगू, ज्या गाण्यांत दुपारी काहीच घडत नव्हतं त्यांत आता सगळंच घडत होतं. प्रत्येक ओळ निरोपाची वाटायला लागली. दोन शब्दांमधली जागा म्हणजे हुंदका. तारेवरून बोट सरकल्याचा आवाज म्हणजे जखम. पुढची कितीतरी वर्षं मी या अल्बमची जवळजवळ पुजारीण होते. "फार दुःखी आहे, तुला नाही झेपणार," असं लोकांना सांगायची. किती छान वाटायचं ते सांगायला. दुसऱ्याला न झेपणारं दुःख आपल्याला झेपतं, याचा एक गुप्त अभिमान असतो.

शांत अल्बमबद्दलची ऐकणाऱ्यांची मतं मी आता गंमत म्हणून गोळा करते, आणि त्यांत मला सगळ्यांत जास्त भेटणारं मत हेच आहे. 'फार दुःखी.' आवाज हळू आहे म्हणून दुःखी. वाद्यं कमी म्हणून दुःखी. माणूस एकटा गातोय म्हणून बिचारा. हळू बोलणाऱ्या माणसाला आपण घरातसुद्धा विचारतोच ना, "काय झालं रे, बरं नाही का?" तो नुसता हळू बोलत असतो.

तारखा तर माझ्यासमोरच होत्या, पण त्या मी कधी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. अल्बम ध्वनिमुद्रित झाला ऑक्टोबर १९७१ मध्ये. तो गेला नोव्हेंबर १९७४ मध्ये. मध्ये तीन वर्षं आहेत. शिवाय 'पिंक मून' हे त्याचं शेवटचं काम नव्हेच. गेला त्याच वर्षी त्यानं आणखी काही गाणी ध्वनिमुद्रित केली होती. तीन वर्षांनी जे होणार होतं त्याचं पत्र आधीच लिहून ठेवलेलं, असं आम्ही भक्तमंडळी मानत होतो. शेवट माहीत असलेली गोष्ट माणूस उलटी वाचतो. एक दंतकथाही आहे: तयार ध्वनिफिती त्यानं कंपनीच्या स्वागतकक्षात ठेवल्या आणि चकार शब्द न बोलता निघून गेला, कितीतरी दिवस कुणाला कळलंच नाही. मी ही गोष्ट दहा जणांना तरी सांगितली असेल. प्रत्यक्षात त्या त्यानं कंपनीचे प्रमुख ख्रिस ब्लॅकवेल यांच्या हातात नेऊन दिल्या होत्या. हातात दिलेल्या ध्वनिफितींची दंतकथा होत नाही, त्यामुळे हे कुणी सांगत नाही.

तो आजारी होता हे खोटं नाही. काही शब्द काळोखे आहेत हेही खरं. पण मी जे ऐकत होते ते त्याचं चरित्र होतं. गाणी त्याला पार्श्वसंगीत म्हणून लावलेली. कपाट आवरताना जसं न ऐकता ऐकलं होतं तसंच हेही. फक्त यात दिवा मालवलेला होता.

आईचं वाक्य काही डोक्यातून जाईना. "कामात आहे." प्रवासाहून परतल्यावर त्या मित्राला फोन केला आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सरळ विचारलं, की यात नक्की काय वाजतंय ते मला दाखव. तो गिटार घेऊन बसला आणि पहिलं काम त्यानं केलं ते तारा सैल करायचं. मी म्हटलं, वाजव ना. म्हणाला, थांब, हाच तर सगळा मामला आहे.

गिटारच्या सहा तारा सगळे जसे जुळवतात तशा हा माणूस जुळवत नसे. जवळपास प्रत्येक गाण्यागणिक वेगळी जुळणी. त्यानं स्वतः काही लिहून ठेवलेलं मित्राला माहीत नव्हतं. वाजवणाऱ्यांनी कान लावून लावून त्या शोधल्या आहेत. शीर्षकगीताची सर्वमान्य जुळणी मित्रानं लावली आणि एकेक तार जाडीकडून बारीककडे छेडली. मी शाळेत असताना चार वर्षं गाणं शिकले आहे. बाकी सगळं विसरले तरी सरगम कानात आहे. मी ऐकता ऐकता म्हणत गेले: सा, प, सा, म, सा, ग.

दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. सहा तारांत तीन षड्ज. खाली खर्जातला सा, त्यावर पंचम. बोटानं काहीही न दाबता नुसता हात फिरवला की मागे एक सूर घुमत राहतो, आणि वरच्या तारांवर चाल फिरत राहते. म्हणजे या माणसाच्या मागे कुणीच नाही, एकटाच बिचारा गातोय, असं जे आम्ही म्हणत होतो ते साफ चूक होतं. तंबोरा मागेच बसला होता. गिटारच्या पोटात होता. (त्याला तंबोरा माहीत होता की नव्हता, मला ठाऊक नाही. असल्या योगायोगावरून आपल्याकडचं सगळं जगभर पोचलं होतं असं सिद्ध करायची हौस मला नाही.)

मग मित्र वाजवायला लागला आणि अडखळला. पुन्हा लागला, पुन्हा अडखळला. अंगठा जाड तारांवर घड्याळासारखा चालू ठेवायचा, बाकीची बोटं त्याच्या मधल्या जागांत टाकायची, आणि गळा या दोघांच्याही तालात न सापडता जरा मागून यायला हवा. ओळ सुरू व्हायची तिथे होतच नाही, अर्धा श्वास उशिरा होते. वीस वर्षं गिटार वाजवणारा माणूस घामाघूम झाला. म्हणाला, "हे ऐकताना वाटतं पोरगा खाटेवर आडवा पडून वाजवतोय. हात लावून बघ म्हणजे कळेल." मी हात लावला नाही. पण त्यानंतर घरी येऊन अल्बम ऐकला तो तिसऱ्यांदा ऐकला असं मी धरते, मधल्या शेकडो वेळा सोडून देऊन.

यावेळी मी त्याचा उजवा हात ऐकला. तो हात एकदाही ढळत नाही. लंडनमधल्या चेल्सी भागातल्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत, फक्त ध्वनिमुद्रक जॉन वुड सोबत, दोन रात्रींत हे काम उरकलं आहे. आधीच्या अल्बमवर व्हायोलिनांचा ताफा होता, सॅक्सोफोन होता, ड्रम होते. ते सगळं बाजूला सारणं ही त्याची निवड होती. गाण्यांना आणखी काही चढवायचं राहून गेलेलं नाही. हळू गाणं आणि ढिलं गाणं यांत मी इतकी वर्षं फरकच केला नव्हता. गळा हळू आहे, पण सूर तसूभर इकडेतिकडे नाही. शब्दाचा शेवट तो सोडून देतो असं वाटतं, पण तो सोडतो नेमका कुठे, तर तारेवरचा पुढचा ठोका जिथे ती जागा भरणार असतो तिथे. चार ओळींच्या त्या गाण्यात एकच छोटा तुकडा गिटारवर परत परत येत राहतो, आणि तो तुकडा कुठेही सैलावत नाही. कामातच आहे माणूस.

भरतकाम करताना, हिशेब करताना, सुतारकामाच्या मापात गढलेली असताना माणसं अशी गुणगुणतात. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कुणालाही वाटेल, काय बिनसलंय यांचं? काही बिनसलेलं नसतं. आईला इंग्रजी शब्द कळले नाहीत, चरित्र माहीत नव्हतं, मुखपृष्ठ तिनं बघितलं नव्हतं. तिच्याकडे ऐकायला फक्त आवाज होता.

आता दादाकडे वळायला हवं, कारण मी त्याच्यावर अन्याय केला आहे. "सगळी गाणी एकच वाटतायत" हे वाक्य शांत अल्बमच्या भक्तांना अरसिकपणाचं लक्षण वाटतं. पण त्या गाडीत त्याला ती खरोखरच एकसारखी ऐकू येत होती. यामागे आपल्या कानाची घडण आहे. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या बेल प्रयोगशाळेतल्या दोघांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आपला कान सगळे सूर सारख्या न्यायानं ऐकत नाही. एकूण आवाज कमी केला की खर्जातले सूर आधी हरवतात. मधल्या-वरच्या पट्टीतले आवाज, म्हणजे 'स'चा सीत्कार, बोटांचं घासणं, नखाचा टक्कन लागणारा स्पर्श, हे मात्र शिल्लक राहतात. गिटारची जाड तार नेहमीच्या जुळणीत साधारण ८२ हर्ट्झला वाजते. गाडीत तर इंजिनची आणि चाकांची घरघर त्याच खालच्या भागात भरून राहिलेली असते. म्हणजे दादाच्या कानापर्यंत खर्ज पोचतच नव्हता. तंबोराच काढून घेतलेला, अंगठ्याचं घड्याळ बंद पडलेलं. वर काय उरलं, तर थोडं पुटपुटणं आणि थोडी टिकटिक. ते ११ वेळा एकसारखंच ऐकू येणार.

आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकणाऱ्यांची तर गोष्टच वेगळी. तो स्पीकर इतका खाली उतरूच शकत नाही. आपला मेंदू वरच्या सुरांवरून खालचा सूर अंदाजानं पुरवतो, म्हणून चाल चुकल्यासारखी वाटत नाही. पण अंदाजानं पुरवलेल्या खर्जाला वजन नसतं.

तेव्हा "जरा आवाज वाढव" ही या अल्बमवरची सगळ्यात शहाणी प्रतिक्रिया होती. मी मात्र आवाज वाढवला नाही. शांत गाणं शांतपणेच लावायचं असतं अशी माझी समजूत. समोर दोन हातांच्या अंतरावर बसून कुणी गिटार वाजवली तर ती चांगली ठणठणीत वाजते. खोली भरून टाकते. मग तिचंच मुद्रण आपण शेजारच्या खोलीतून कुजबुज आल्यासारखं का ऐकावं? आता मी आवाज बराच वर नेते, दिवे चालू ठेवते. बघणाऱ्याला वाटतं हिला कमी ऐकू येतं.

दुसरीकडे, जी माणसं कानात बोंडं घालून ऐकतात त्यांची तक्रार उलटी असते. "फार जवळ येतो." एका मैत्रिणीनं असल्या एका अल्बमबद्दल सांगितलं होतं की दोन गाण्यांनंतर तिला संकोच वाटायला लागला, कुणाची तरी खासगी वही उघडली गेल्यासारखा. हे मत मला फार प्रामाणिक वाटतं. त्यात माइकचाही हात आहे. एका दिशेनं ऐकणाऱ्या माइकच्या अगदी जवळ तोंड नेलं की आवाजातला खर्ज फुगतो, श्वास ऐकू येतो, ओठ विलग झाल्याचाही आवाज येतो. खऱ्या आयुष्यात इतक्या जवळून आपण किती माणसांना ऐकतो? मोजकीच. त्यामुळे अनोळखी माणूस इतका कानाशी आला की कुणाला जिव्हाळा वाटतो, कुणी अंग चोरतं. गायिका जोनी मिचेलचा 'ब्लू' १९७१ मध्ये आला तेव्हा तिच्या आसपासच्या गायक पुरुषांचीही अशीच पंचाईत झाली होती. क्रिस क्रिस्टॉफरसन यांनी तो ऐकून तिला सुचवलं होतं की बाई, थोडं स्वतःपुरतं राखून ठेव. आज त्या अल्बमची गणना थोर अल्बममध्ये होते आणि तो सल्ला गंमत म्हणून सांगितला जातो. पण त्या सल्ल्यातला संकोच मला समजतो.

शांततेचे प्रकार तरी किती. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' हा अल्बम १९८२ चा. भाड्याच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, पुढे बँडला शिकवायला म्हणून केलेली ही कच्ची मुद्रणं. मग बँडसोबत ती गाणी वाजवून बघितली, जमेना, आणि शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर आली. म्हणजे तिथे माझं पहिलं मत, 'कच्चा आराखडा', शब्दशः खरं आहे, आणि तरी त्याला कुणी अपुरं म्हणत नाही. 'बॉन इव्हर' या अमेरिकन बँडच्या पहिल्या अल्बमबद्दल मी ज्याला ज्याला विचारलं त्यानं आधी विस्कॉन्सिनच्या जंगलातली केबिन सांगितली, हिवाळा सांगितला, मग गाण्यांकडे वळला. काही जण वळलेच नाहीत. शांत अल्बमला गोष्ट लवकर चिकटते. आवाज मोठा असेल तर गोष्टीला आत शिरायला फटच मिळत नाही.

'पिंक मून'च्या नशिबात आणखी एक कलाटणी होती आणि ती भक्तांना अजून पचत नाही. १९९९ मध्ये फोक्सवॅगननं अमेरिकेत एका उघड्या टपाच्या गाडीच्या जाहिरातीत शीर्षकगीत वापरलं. रात्रीचा रस्ता, गाडीत चार तरुण, कुणी बोलत नाही. एका पार्टीच्या घराशी पोचतात, आतला गोंगाट बघतात, एकमेकांकडे बघतात आणि गाडी मागे घेऊन पुन्हा रस्त्याला लागतात. बस, एवढंच. गायक जाऊन पंचवीस वर्षं झाली होती आणि अल्बमची विक्री कैक पटींनी वाढली. हयातीत जितक्यांनी ऐकला त्यापेक्षा जास्त लोकांनी तो गाडीच्या जाहिरातीवरून घेतला.

मीही यावर नाक मुरडून झालेलं आहे. त्याचं गाणं गाड्या विकायला! पण अलीकडे ती जाहिरात पुन्हा बघितली तेव्हा जाणवलं की त्या चौघांना कुणीही सांगितलेलं नाही, हा सव्विसाव्या वर्षी गेला म्हणून. गाणं त्यांच्यासाठी चंद्राचं आहे, रस्त्याचं आहे. ती चार पोरं माझ्यापेक्षा बरी ऐकत होती. आणि टप उघडा असूनही, म्हणजे वाऱ्याच्या आवाजात जाड तार त्यांना कशी ऐकू आली, हा प्रश्न मात्र फ्लेचर आणि मन्सन यांनाच विचारायला हवा.

अल्बममधलं शेवटचं गाणं सकाळवर आहे. उजाडतं, दिवस सुंदर असतो, असं सरळ सांगणारं. त्यातलेच शब्द त्याच्या थडग्यावरच्या दगडाच्या पाठीमागे कोरलेले आहेत. पुजारीण असताना मी ते गाणं घाईनं ऐकून टाकायचे, कारण ते माझ्या सिद्धांतात बसायचं नाही. इतकं उदास सगळं मांडल्यावर हा सकाळ कसली गातोय? उपरोधानं म्हणत असेल, असं स्वतःला समजावलं होतं. आता तेच आधी लावते.

गेल्या महिन्यात दादा घरी आला होता. त्याला मी खुर्चीवर बसवलं, चांगले हेडफोन कानांवर चढवले, आवाज बऱ्यापैकी वाढवला आणि काहीही सांगितलं नाही. ना षड्ज, ना खर्ज, ना १९३३. मी समोर बसून त्याचा चेहरा वाचत राहिले. तो डोळे उघडे ठेवून, हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत तपासणीला आलेल्या मुलासारखा बसला. पहिल्या गाण्यात पियानो आला तेव्हा त्याची भुवई हलली. चारेक गाण्यांनंतर त्याचा उजवा अंगठा गुडघ्यावर चालायला लागला. मी श्वास रोखून बघत होते. अंगठा थांबेना. अठ्ठावीस मिनिटं तो उठला नाही, त्यानं फोनही बघितला नाही.

शेवटी हेडफोन काढून त्यानं ते माझ्या हातात दिले.

"गिटार जबरदस्त वाजवतो," म्हणाला. "अंगठा बघितलास का त्याचा? पण तुला खरं सांगू का? अजून सुरू झालेलं नाही."